पाचवी पट्टी

लिफ्टवाले निवृत्त झाले आणि घरात एका माणसाची भर पडली, असं त्यांची बायको म्हणायची. भर म्हणजे अडचण, हे वेगळं सांगायला नको. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या इमारतींतल्या अडकलेल्या लिफ्ट सोडवण्यात गेलेलं. आता घरात बिघडलेलं काही सापडेना, म्हणून हा गृहस्थ चालू असलेल्या वस्तू उघडून बघू लागला. आधी मिक्सर गेला, मग भिंतीवरचं घड्याळ. त्यांची नजर फ्रिजकडे वळली तेव्हा लेकीने शहाणपणा केला. वाढदिवसाचं निमित्त काढून तिने बाबांना फोटो छापायचं मशीन आणून दिलं.

आणि बायको म्हणजे कोचबाई. सगळी वस्ती त्यांना याच नावाने ओळखायची, तेव्हा आपणही तेच म्हणू. पोहण्याच्या तलावावर त्यांनी इतकी वर्षं शिकवलं होतं, की त्या रस्त्याने निघाल्या की बँकेतला कारकून, दवाखान्यातली नर्स, चौकातला पोलीस, जो तो आपोआप खांदे सरळ करून उभा राहायचा. यांतल्या प्रत्येकाच्या नाकातोंडात कधी ना कधी कोचबाईंच्या देखरेखीखाली पाणी गेलेलं होतं.

मशीन म्हणजे बिलं नि पत्रं छापणारं पिटुकलं खोकं नव्हतं. चांगलं ट्रंकेएवढं रुंद होतं आणि त्याच्या पोटात रंगांच्या कुप्या ओळीने बसवलेल्या होत्या. त्यात एकट्या काळ्याच्याच दोन तऱ्हा, शिवाय करडा, आणि शिवाय त्याहून फिका करडा.

"एवढे करडे कशाला?" कोचबाईंनी विचारलं. "करडा तो करडाच."

पण लिफ्टवाल्यांनी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, आणि मग जे वेड लागलं ते लागलंच. स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल मशीनने बळकावलं. इस्त्री जेवणाच्या टेबलावर आली, आणि जेवणं हळूहळू मांडीवर. कपाटातल्या चादरींना बाजूला सारून कागदांचे गठ्ठे आले. सुती कागद, मॅट कागद, हलकी चमक असलेला जाड कागद. जेवताना ते कागदावर बोलायचे. कागदाच्या एकाच बाजूला लेप असतो, उलट्या बाजूवर छापलं तर शाई फुटते, आणि लेपाची बाजू ओळखायची कशी, तर कोपऱ्याला ओलसर बोट लावायचं, चिकटेल ती खरी बाजू.

"लग्नाआधी तुम्ही माझ्याशीसुद्धा इतकं बोलला नव्हता," कोचबाई म्हणाल्या.

"तेव्हा तू बोलू देत नव्हतीस."

हे खरंच होतं, म्हणून कोचबाईंनी विषय बदलला.

सुरुवातीला कागदांचा नुसता चुराडा झाला. कोणाचे चेहरे हिरवे आले, कुठे आभाळावर पट्टे उमटले. पण लिफ्टवाल्यांचा स्वभाव चिवट. बंद लिफ्टपुढे जसं बसायचं तसंच ते मशीनपुढे बसले, न चिडता, एकेका गोष्टीवर संशय घेत. हळूहळू हात बसला. जुन्या इमारतींचे जिने, लिफ्टच्या खड्ड्यातून वर बघून काढलेले फोटो, गंजलेल्या तारांची वेटोळी, असं काय काय ते छापू लागले, आणि ते इतकं देखणं यायचं, की बघायला आलेला माणूस चहा गार होईपर्यंत भिंतीपुढेच उभा राहायचा. समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाईंनी तर आपल्या मांजराचा फोटो छापून घेतला आणि तो दिवाणखान्यात नवऱ्याच्या फोटोच्या वर लावला. लिफ्टवाल्यांची छाती दोन बोटं फुगली.

हे सगळं चाललं असताना तलावावरून निरोप आला.

तलावाच्या मोठ्या दालनाला नवा रंग देत होते. त्या दालनात आजवरच्या सगळ्या कोचमंडळींचे मोठमोठे फोटो ओळीने लावलेले होते. सगळे पुरुष, त्यातले निम्मे मिशीवाले, आणि सगळेच पाण्याची भीती वाटत असल्यासारखे गंभीर. आता त्या ओळीत कोचबाईंचा फोटो लावायचा असं ठरलं होतं. मॅनेजर स्वतः घरी आले. कोचबाईंनी त्यांना चहा दिला आणि नकारही दिला.

"नाव लिहा हवं तर. सुबक अक्षरात लिहा. फोटो नको."

"अहो, पण बाई, नुसतं नाव..."

"फोटो नको म्हटलं ना."

मॅनेजरही एके काळचे त्यांचेच विद्यार्थी. पुढे बोलायची त्यांची टाप नव्हती. ते केविलवाण्या नजरेने लिफ्टवाल्यांकडे बघू लागले.

नकाराचं कारण लिफ्टवाल्यांना पाठ होतं. कोचबाईंचा रंग काळा. सावळा नव्हे, निमगोरा नव्हे, चांगला काळा, आणि त्यावर इतक्या वर्षांच्या तलावावरच्या उन्हाचा हात फिरलेला. त्यांना स्वतःला त्याचं काडीचंही वावडं नव्हतं. वावडं होतं ते फोटो काढणाऱ्यांना. जन्मभर त्यांचे फोटो दोनच प्रकारचे आले. एक तर पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखे, नाही तर अंधारात नुसते दात. लग्नाच्या फोटोत तर कहर झाला होता. सासूबाईंनी स्टुडिओवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सुनेला जरा उजळ करा," आणि त्या गड्याने ब्रश घेऊन असं काही उजळवलं, की नवऱ्यामुलाशेजारी कोणी भलतीच बाई उभी आहे असं वाटावं. तो फोटो कपाटात खाली होता. कोचबाई त्या बाईला "तुमची पहिली बायको" म्हणायच्या. "तुमची पहिली बायको नाजूक होती हो. पोहायला येत नसणार तिला." हसत म्हणायच्या, पण कोणी कॅमेरा काढला की त्यांचा हात आपसूक तोंडापुढे यायचा. हसणाऱ्या माणसाचा हात असा तोंडापुढे आलेला बघून लिफ्टवाल्यांना बघवायचं नाही.

"मी छापतो," लिफ्टवाले एकदम म्हणाले.

दोघांनीही त्यांच्याकडे वळून बघितलं.

"मी छापतो हिचा फोटो. हिला पटला तर लावायचा. नाही पटला तर नुसतं नाव."

कोचबाईंनी जरा विचार केला. नवऱ्याच्या तोंडावरचा उत्साह त्यांना मोडवेना. "ठीक आहे. पण मला नाही पटला, तर पुन्हा हा विषय कोणी काढायचा नाही. मॅनेजरनी नाही, लेकीने नाही आणि तुम्हीही नाही. कायमचा बंद."

"कबूल," लिफ्टवाले म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर आपण काय पणाला लावलं ते त्यांच्या लक्षात आलं. कोचबाई बोललेला शब्द फिरवत नसत. हा फोटो फसला असता तर बायकोचा चेहरा त्या भिंतीवर तर नाहीच, कुठल्याच भिंतीवर कधी आला नसता. लहान मुली त्या तलावावर यायच्या आणि मिशांच्या त्या रांगेखाली कुडकुडत उभ्या राहायच्या. त्यांना वर बघितल्यावर हा चेहरा दिसायला हवा, असं लिफ्टवाल्यांना मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर मुलींचं राहू दे, त्यांना स्वतःलाच तो चेहरा फार आवडायचा.

फोटो लेकीने काढला. कोचबाई पाण्यातून नुकत्याच वर आल्या होत्या, टोपी एका हातात होती, दुसऱ्या हाताने शिडी धरली होती, आणि पलीकडच्या कडेला गटांगळ्या खाणाऱ्या एका गलेलठ्ठ वकिलाला "पाय हलवा, पाय! हात नंतर!" म्हणून ओरडता ओरडता त्यांना हसू फुटलं होतं. दोन्ही हात कामात असल्यामुळे तोंडापुढे यायला एकही मोकळा नव्हता. बाजूने सकाळचं ऊन, अंगावर पाणी, आणि एक डोळा उन्हाने अर्धा मिटलेला. लिफ्टवाल्यांनी तो कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उघडला आणि खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. अर्धं काम झालं, असं त्यांना वाटलं.

पहिलाच प्रिंट काळाकुट्ट आला. स्क्रीनवर झगझगीत दिसणारा चेहरा कागदावर विहिरीत पडला होता. त्यांनी शाईची तोंडं धुतली, कागद बदलला, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा विहीर. तेव्हा त्यांनी फोटो सुधारायचा प्रोग्रॅम उघडला. त्यात उजेडाची एक सरकपट्टी असते. फक्त चेहरा निवडायचा आणि पट्टी उजवीकडे सरकवायची, की तेवढाच भाग उजळतो. त्यांनी पट्टी सरकवली. प्रिंट बरा आला. आणखी सरकवली, आणखी बरा आला. शेवटी जो आला तो त्यांना इतका गोड वाटला, की नियम मोडून त्यांनी तो ओला असतानाच बाहेर नेला. ओल्या प्रिंटवर मत द्यायचं नाही, कारण शाई कागदात मुरल्यावर रंग बदलतो, हा त्यांचाच नियम होता.

कोचबाई जेवणाच्या टेबलावर इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी केली, चष्मा लावला आणि प्रिंट खिडकीशी धरून नीट बघितला.

"छान आलाय," त्या म्हणाल्या. "कोण आहे?"

लिफ्टवाले हसले. मग लक्षात आलं, की त्या हसत नाहीत.

"अगं, तूच की."

"नाही हो. ही पहिलीच." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "काही हरकत नाही. तुम्ही मेहनत घेतलीत."

"मशीन काळा छापत होतं, म्हणून जरासा..." लिफ्टवाल्यांनी बाजू मांडायला सुरुवात केली आणि ते मध्येच थांबले.

प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर कोचबाईंचा अंगठा होता. खरा अंगठा, पाण्याने सुरकुतलेला, काळा, नखाभोवती किंचित तांबूस. आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर छापलेला चेहरा होता, दूध घातलेल्या कॉफीसारखा. दोन्ही एकाच बाईचे आहेत असं कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

ते आत गेले आणि मशीनपुढे बसून राहिले. स्टुडिओवाल्याला निदान आईने सांगितलं होतं. आपल्याला कोणी सांगितलं? कोणीही नाही. आपलाच हात पट्टी सरकवत गेला, आणि दरवेळी आपल्याला ते "बरं" वाटलं. ज्या चेहऱ्यावर आपण जीव टाकतो तोच आपण पुसत बसलो होतो. लिफ्टवाल्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की ते चहाला हाक मारली तरी बाहेर आले नाहीत. चहाला हाक मारून नवरा येत नाही म्हटल्यावर कोचबाईंनी लेकीला फोन लावला आणि तो आत नेऊन त्यांच्या हातात दिला.

"बाबा," लेकीने सगळं ऐकून घेतलं, "स्क्रीनचा ब्राइटनेस किती ठेवलाय?"

"पूर्ण."

"पूर्ण का?"

"कंपनीने दिलाय तेवढा वापरायला नको?"

पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं. मग तिने समजावलं. स्क्रीन दिव्यासारखा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. स्क्रीन भरमसाट उजळ ठेवला तर त्यावर सगळंच लख्ख दिसतं, आणि तेच कागदावर उतरलं की काळवंडलेलं वाटतं. मशीन बिचारं सुरुवातीपासून खरं छापत होतं. लिफ्टवाल्यांनी कपाळावर हात मारला. दारं उघडत नाहीत म्हणून लिफ्टची मोटर खोलायची आणि मग कळायचं की उंबऱ्यात खडा अडकलाय, तशातली गत.

दुसऱ्या दिवसापासून कामाची तऱ्हाच बदलली. स्क्रीन मंद केला. खिडकीचं ऊन त्यावर पडू नये म्हणून बुटांच्या खोक्याचं पुठ्ठ्याचं छप्पर त्याला बसवलं. आणि मूळ फोटो, पट्टीला हात न लावलेला, पुन्हा उघडला.

"जरा इकडे ये," त्यांनी हाक मारली. "हात दे."

"कशाला?"

"रंग बघायचाय."

कोचबाईंना वाटलं होतं विषय संपला. पण अट "पटला तर" अशी होती, आणि किती वेळा दाखवायचं हे ठरलेलं नव्हतं, अशी पळवाट लिफ्टवाल्यांनी काढली. नवऱ्याने वकिलांच्या इमारतींतल्या लिफ्टही दुरुस्त केल्या होत्या, हे कोचबाईंना तेव्हा आठवलं. त्यांनी हात दिला.

मग रोज सकाळी तोच कार्यक्रम. आदल्या दिवशीचा, पुरता वाळलेला प्रिंट घेऊन दोघं खिडकीशी यायची. लिफ्टवाले बायकोचा हात आपल्या हातात धरायचे, प्रिंटशेजारी टेकवायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. इतक्या वर्षांत त्यांनी तो हात इतका निरखून कधी बघितला नव्हता. तो नुसता काळा नव्हताच. कोपराच्या आतल्या बाजूला त्यात तांबडा होता, मनगटाच्या शिरांपाशी निळसर झाक होती, घड्याळाच्या पट्ट्याखाली एक फिकट रेघ होती जिला ऊन कधी लागलंच नव्हतं. प्रिंट मात्र हिरवट यायचा. ते हिरवा कमी करायचे, मग जांभळा चढायचा. सुती कागदावर काळा रंग लवकर दमतो, फळ्यासारखा भुरका दिसतो, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि हलकी चमक असलेला जाड कागद घेतला. त्यावर काळा खोल उतरला.

समोरच्या शिक्षिकाबाई हे रोज आपल्या खिडकीतून बघत होत्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना राहवेना.

"या वयात रोज सकाळी हातात हात!" त्या रस्त्यापलीकडून ओरडल्या. "आमच्या ह्यांना शिकवा जरा!"

"त्यांना आधी प्रिंटर घ्यायला सांगा!" कोचबाई उलट ओरडल्या, आणि हात मात्र काढून घेतला नाही.

शेवटी लिफ्टवाल्यांनी नमुन्याच्या पट्ट्या छापल्या. मोठा प्रिंट एकदम काढायचा नसतो. आधी लांबट कागदावर तोच चेहरा थोडा थोडा गडद करत छापायचा, आणि त्यातून निवडायचं. त्यांनी पाच केल्या. पहिली फिकी होती, ती मुद्दाम, चूक कुठे होती ते आठवण्यासाठी. दुसरी, तिसरी ठीक. चौथी त्यांना अगदी बरोबर वाटली. पाचवी दाखवायला नव्हतीच. गडद करत गेलं तर कुठे तपशील बुडतो तेवढं बघायला ती काढली होती. चार त्यांनी कापून टेबलावर ओळीने मांडल्या आणि पाचवी मशीनमागे सरकवून दिली.

कोचबाई आल्या. ओले केस टॉवेलात गुंडाळलेले, नुकत्याच तलावावरून परतलेल्या. त्यांनी चारही पट्ट्या बघितल्या. चौथीपाशी जरा रेंगाळल्या.

"ही जवळची आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या धाकट्या बहिणीसारखी."

लिफ्टवाल्यांचा चेहरा पडला. तो पडलेला बघून कोचबाई त्यांच्या खांद्यावर थोपटायला पुढे झाल्या, आणि तेवढ्यात त्यांना मशीनमागून डोकावणारा कागद दिसला.

"ते काय आहे?"

"ते काही नाही. ती फेकायची आहे."

"बघू."

"अगं, ती फार गडद आहे."

"अहो, मीही आहे," कोचबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पट्टी ओढून काढली.

त्या ती घेऊन खिडकीशी गेल्या. मग त्यांनी पट्टी आपल्या गालाशी धरली आणि नवऱ्याकडे वळल्या.

"ही मी," त्या म्हणाल्या. "ही लपवून का ठेवली होतीत?"

लिफ्टवाल्यांना कारण ठाऊक होतं. सगळं कळून, लाज वाटून, रोज सकाळी हात हातात घेऊनसुद्धा त्यांनी बायकोच्या रंगाच्या एक पायरी अलीकडेच थांबायचं ठरवलं होतं. तिला वाईट वाटेल म्हणून. आणि तिला वाईट वाटतच नव्हतं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

"चुकलंच. आता पुढचं सांगा. हीच मोठी करायची तर अडचण काय आहे?"

अडचण होती. गालाची खालची बाजू आणि मान एकमेकांत मिसळत होती, आणि केस तर पार बुडाले होते. उजेडाची पट्टी सरकवली तर सगळाच चेहरा पुन्हा फिका पडणार, असं लिफ्टवाल्यांनी सांगितलं. कोचबाईंनी स्टूल ओढलं आणि त्या स्क्रीनपुढे पुठ्ठ्याच्या छपराखाली डोकं घालून बसल्या.

"चेहऱ्याला हातच लावू नका," त्या म्हणाल्या. "हे पाणी बघा. हे नाकावरचं ऊन बघा. गालाच्या हाडावर कसं चमकतंय. मी पाण्यातून वर येते तेव्हा लोकांना आधी हेच दिसतं. हे वाढवा की."

लिफ्टवाल्यांनी बघितलं. इतके दिवस ते काळ्यालाच उजळवत बसले होते. काळ्यावर पडलेला उजेड तसाच म्लान राहिला होता. त्यांनी गालावरची ती चमक तेवढी निवडली आणि हलकेच वर नेली. मग नाकाचा शेंडा, खांद्यावरचे थेंब, कानाच्या पाळीवरची पाण्याची रेघ, केसांच्या कडेला लागलेलं ऊन. रंग जिथल्या तिथे राहिला, आणि त्याच्यावरून उजेड वाहायला लागला. मान आपोआप गालापासून सुटी झाली. स्क्रीनवर ती बाई एकदम गोल झाली, भरीव झाली, ओली झाली. लिफ्टवाले "अगं, अगं, अगं" एवढंच म्हणत राहिले.

"खांद्याचं जरा जास्त झालं," कोचबाई म्हणाल्या. "मी काय तेल लावून आलेय?"

त्यांनी खांद्याचं कमी केलं. तिथून पुढे दोघांची जी जुंपली ती जेवायची वेळ टळून गेली तरी संपेना. दातांवरून वाद झाला. लिफ्टवाल्यांना ते पांढरेशुभ्र हवे होते, कोचबाई म्हणाल्या की इतका चहा पिणाऱ्या बाईचे दात असे नसतात. डोळ्याखालच्या सुरकुत्यांना हात लावायला त्यांनी साफ मनाई केली. "सुरकुत्या त्या वकिलामुळे आहेत. राहू देत." लिफ्टवाल्यांनी इतक्या आनंदाने याआधी कधी माघार घेतली नव्हती.

मोठा कागद त्यांनी दोन्ही हातांनी, फक्त कडांना धरून, मशीनमध्ये सरकवला. कोपऱ्याला ओलसर बोट लावून बाजू तपासली. एकदा, आणि मग विश्वास न बसून पुन्हा एकदा. बटण दाबलं. मशीन घसा साफ केल्यासारखं खरखरलं आणि आतली शाईची पेटी डावीउजवीकडे धावायला लागली.

कोचबाई स्टुलावरून उठल्याच नाहीत. मोठा प्रिंट बाहेर यायला वेळ घेतो, तो वरून खाली बोटाबोटाने उतरतो. आधी नुसतं आभाळ आलं. मग केस आले, एकेक बट सुटी, कडेला ऊन लागलेली. मग कपाळ आलं, काळंभोर, त्यावर पाण्याचे थेंब. कोचबाईंनी टॉवेल मांडीवर घेतला. भुवया आल्या. उघडा डोळा आला, अर्धा मिटलेला डोळा आला. गालाचं हाड लखलखत बाहेर आलं, आणि मग ते हसू, सगळं, चहा प्यायलेल्या दातांसकट, एकही हात मध्ये न येता.

लिफ्टवाले कागदाकडे बघतच नव्हते. ते बायकोकडे बघत होते. कोचबाई हसत होत्या. गालांवरून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"आले," त्या म्हणाल्या. "बघा हो. आले मी."

लिफ्टवाल्यांनाही मग राहवेना. पण नियम तो नियम. ओल्या प्रिंटवर मत द्यायचं नसतं, असं त्यांनी सांगून बघितलं. उद्या सकाळी रंग मुरला की शांतपणे ठरवू, असंही ते म्हणाले.

कोचबाईंनी ऐकलंच नाही. त्यांनी तोवर फोन उचलून तलावाच्या मॅनेजरला लावलाही होता.

"हं, मीच बोलतेय. भिंतीचा रंग वाळला का? ऐका. फोटो जरा मोठा आहे. त्या मिशीवाल्यांना दोन्हीकडून थोडं थोडं सरकवा," त्या म्हणाल्या. "मी येतेय."